केतकीताईंचं तेरावं

२०६१ सालची गोष्ट. तेव्हा सगळे मोबाइल माणसांचे निरोप गोड करूनच पाठवत. अकोल्याच्या प्राजक्ताला थोरल्या बहिणीचे, केतकीताईंचे, इतके मधाळ निरोप येऊ लागले की तिची खात्रीच पटली: ताई गेली, आता मोबाइलच लिहितोय. तिने तेराव्याची आमंत्रणं धाडली. चुकून एक खुद्द केतकीताईंनाच पोचलं.

ताईंनी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला. त्याला गोडवा ठाऊकच नव्हता. त्यांनी लिहिलं, "अगं म्हशी, जिवंत आहे मी! माझी पुरणाची चाळण परत कर."

दुसऱ्याच दिवशी प्राजक्ता रडत दारात हजर. "ताई, तूच आहेस गं! पण चाळण माझी आहे."

पुढे दोघी एकत्र राहिल्या, रोज भांडत. चाळण कुणाची ते शेवटपर्यंत ठरलं नाही. कॉम्प्युटर मात्र सोसायटीतली जोडपी आळीपाळीने घरी नेऊ लागली.