पुढेकाय बाई

"हाड फोडत बसायचं नाही. सांधा शोधायचा," खाटीक म्हणाला आणि सत्तूर बाजूला ठेवून त्याने सुरी उचलली. जनावराची मांडी दोन हिसक्यांत सुटी झाली. रक्त लाकडी ओंडक्यावरून खाली ठिबकू लागलं.

तोफ डोळे फाडून बघत होती. तिच्या शेजारी नाकाला रुमाल लावून उभ्या असलेल्या बाई घामाने निथळत होत्या.

शाळेचा नियमच होता तसा. शेवटच्या वर्षातल्या मुलांनी दर महिन्याला मनात येईल त्या कामाच्या जागी एक दिवस काढायचा, आणि करिअर मार्गदर्शक म्हणून बाईंनी सोबत जायचं. समोर दिसेल त्या पोराला त्या "पुढे काय?" विचारायच्या, म्हणून पोरांनी त्यांचं नावच 'पुढेकाय बाई' ठेवलं होतं. बाकीची पोरं बँकेत जायची, दवाखान्यात जायची, थंडगार हवेत बसून यायची. तोफेने खाटकाचं दुकान मागितलं. तोफ हे नावही वर्गानेच दिलेलं. ती भडकली की समोरच्याला आपले दात मोजून घ्यावे लागत.

"एवढं मोठं धूड एकट्याला आवरतं?" बाईंनी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"माझी बायको आवरते की. घाई करायची नाही, बस्स."

पुढच्या खेपेला तोफेने इमारतीचं बांधकाम निवडलं. मिस्त्रीने तिच्याकडून कोबा घालून घेतला. खडी, वाळू, सिमेंट, वरून थापी. "आता आठवडाभर पाणी मारायचं," तो म्हणाला, "नाहीतर तडे जातात आणि केलेलं सगळं वाया जातं." त्यानंतर लाँड्री. रक्ताच्या डागाला थंडच पाणी हवं, गरम लावलं की तो जन्माचा बसतो, हे लाँड्रीवाला अगदी रंगात येऊन सांगत होता, तेव्हा तोफ जांभया देत होती.

आणि मग एका दुपारी तोफ बाईंच्या खोलीत बसली असताना तिचा बाप आत घुसला.

"माझ्या पोरीला खाटीक करता?" ट्रक चालवून राठ झालेल्या हाताने त्याने तोफेचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. त्याने भिरकावलेली खुर्ची भिंतीवर आपटून मोडली. बाई मध्ये पडल्या, तर त्याचं कोपर त्यांच्या गालफडावर बसलं. शिपाईकाका आणि दोन शिक्षकांनी त्याला ओढत बाहेर नेलं, तरी त्याच्या शिव्या जिन्यातून वर येतच होत्या.

बाईंनी ड्रॉवरमधून कापूस आणि मलम काढलं आणि सराईत हाताने तोफेचा फुटलेला ओठ पुसला.

"मला कळायला लागलं तेव्हापासून हेच चाललंय," तोफ म्हणाली. "आई तर आता ओरडतसुद्धा नाही. एक दिवस मी त्याचा जीव घेणार आहे, बाई."

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्यांना खाटकाची सुरी आठवली. मग मिस्त्रीचा कोबा. मग लाँड्रीतलं थंड पाणी.

"माझ्याकडे बघ. खाटीक, कोबा, रक्ताचे डाग. हे सगळं तू कशासाठी शिकत होतीस? खरं सांग."

तोफ फुटक्या ओठाने हसायला लागली.

"अहो बाई! खाटकाकडे काम बारा महिने असतं. लाँड्रीत उन्हात उभं राहावं लागत नाही. आणि मिस्त्रीकामाच्या प्रशिक्षणाला राहायला खोली मिळते. मला घर सोडायचंय हो, आईला घेऊन! रागात माणूस काहीही बोलतं. पण असलं भलतंसलतं तुमच्या डोक्यात येतं तरी कसं?"

बाईंना हसू आलं नाही. तोफेच्या डोक्यावर हात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "मिस्त्रीकाम घे. शिफारसीचं पत्र आजच पाठवते. मागे वळून बघू नकोस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाईंचे यजमान. रोज शाळा सुटायच्या ठोक्याला फाटकाशी हजर. नवरा असावा तर असा, म्हणून बाकीच्या शिक्षिका हेवा करायच्या. बाईंनी लांब बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि लगबगीने निघाल्या. दुसरा हॉर्न वाजायच्या आत त्यांना गाडीत बसायचं असायचं.

तोफेला खोली मिळाली. आईही तिच्यासोबत गेली. बापाने दोघींच्या नावाने घरातली भांडी ठेचली, दार मोडलं, आणि शेवटी एकटाच बसला.

पहिल्या सुट्टीत तोफ नव्याने नोकरीला लागलेल्या पोरासारखी ऐटीत, पिशवीत स्वतःची थापी घेऊन बाईंच्या घरी आली. बाईंनी दार उघडलं. अंगात बिनबाह्यांचा झगा. दंडांवर जुने, पिवळे पडलेले वळ.

"साहेब कुठायत?"

"बाहेरगावी गेलेत. चहा घेतेस ना?"

चहा घेऊन दोघी मागच्या अंगणात आल्या. तिथे साहेबांची गाडी धूळ खात उभी होती. तिच्या शेजारी नवा कोरा कोबा होता. लांबट, जमिनीपासून वीतभर उंच. तोफेने सवयीने खाली बसून कडेवरून बोट फिरवलं.

"छान जमलाय. कुणी घातला?"

"मीच," बाई म्हणाल्या. "आठवडाभर पाणी मारायचं, ना गं?"

तोफेने गाडीकडे पाहिलं. बाईंच्या दंडांकडे पाहिलं. मग बराच वेळ कोब्याकडे.

"एवढ्या जाड कोब्याला आठवडा पुरायचा नाही, बाई," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातला पाइप उचलून तिने नळ सोडला.