सेमिनरीतला घरभेदी

"ग्रीकच्या वर्गाला गेल्या वर्षी चार महिने शिक्षकच नव्हते ना?" डॉ. तनुजा पगारे यांनी चहात बिस्कीट बुडवता बुडवता विचारलं.

प्राचार्य पुंडलिक साळवे यांचा कप बशीवर जरा जोरातच टेकला. ही गोष्ट ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या, छावणी भागातल्या या सेमिनरीच्या फाटकाबाहेर गेलेलीच नव्हती. आणि मान्यता मंडळाच्या या बाई तर काल सकाळीच पुण्याहून तपासणीला आल्या होत्या.

"तात्पुरती अडचण होती," ते म्हणाले.

"असेल," म्हणत बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

काल त्यांनी असंच सहज विचारलं होतं, ग्रंथालय दुपारी एकलाच बंद होतं का? होत होतं. ग्रंथपाल सोडून गेल्याला दोन वर्षं झाली होती. विचारताना बाईंचा चेहरा असा, की उत्तर घरूनच पाठ करून आल्यात. एकदा घडलं तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. पण हे दुसऱ्यांदा होतं, आणि पुंडलिकराव तर पोस्टमनवरही संशय घेणारे गृहस्थ.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. या खेपेला मान्यता मिळाली नाही तर जूनपासून सेमिनरी बंद करायची आणि सव्वीस विद्यार्थ्यांना दुसऱ्या शहरात हलवायचं, असं बिशपसाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. पुंडलिकराव इथंच शिकले, इथल्याच चॅपलमध्ये त्यांचं लग्न लागलं, इथंच केस पिकले. मान्यतेसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. मंडळाला पाठवायच्या अहवालातला संस्थेचा गौरवशाली इतिहास त्यांनी स्वतः लिहिला आणि तीनदा वाचला. पानापानावर प्राचार्यांची सही लागते म्हटल्यावर एका बैठकीत एकशे चाळीस सह्या केल्या. मनगट दोन दिवस शेकावं लागलं.

आणि एवढं करून कुणीतरी आतून सुरुंग लावत होतं.

जेवताना बाईंनी तिसरा प्रश्न टाकला. "बिडकीन गावच्या चर्चमध्ये तुमचे विद्यार्थी दर रविवारी सेवेला जातात, की हजेरी इथंच ऑफिसात भरली जाते?"

पुंडलिकरावांनी ताट बाजूला सारलं. आता शंकेला जागाच नव्हती. हात धुऊन ते थेट फाटकाशी गेले आणि चौकीदार पुंजारामला गाठलं.

"पाहुण्यांच्या खोलीकडं कोण गेलं होतं रे?"

"आपल्या सुलेखाबाई गेल्त्या की सकाळी."

"काय बोलत होत्या?"

"ते नाय ऐकू आलं, साहेब. पण लई येळ उभ्या व्हत्या दारात. निघताना त्या पाव्हण्या बाईंनी हात धरला त्यांचा."

सुलेखा गायकवाड म्हणजे सेमिनरीच्या कुलसचिव. सगळे कागद त्यांच्याच हातचे. मागच्या वर्षी उपप्राचार्यपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं, तेव्हा त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. ते गप्प बसणं पुंडलिकरावांना आता आठवलं आणि भलतंच महत्त्वाचं वाटायला लागलं.

त्यांनी सुलेखाबाईंना बोलावून घेतलं.

"सलाम, सर."

"मंडळाच्या बाईंना आपल्या उणिवा कुणी कळवल्या?"

"सर, मी जे केलं ते तुमच्यासमोर ठेवूनच केलं."

"वर तोंड करून सांगताय?"

"त्यांनी विचारलं होतं, सर. खोटं कसं सांगायचं? आपण पाळक घडवतो इथं."

"मला उपदेश नको. राजीनामा लिहा."

"एकोणीस वर्षं झाली मला इथं," एवढंच सुलेखाबाई म्हणाल्या, आणि टेबलावरचा कोरा कागद ओढून चार ओळी लिहून दिल्या. पुंडलिकरावांनी तो कागद घेतला. सव्वीस मुलांचा प्रश्न होता. त्यांनी मन घट्ट केलं.

चार वाजता समारोपाची बैठक भरली. बिशपसाहेब आले, शिक्षक आले. डॉ. तनुजांच्या हातात बंद पाकीट होतं. त्या ते उघडणार, एवढ्यात पुंडलिकराव उठले.

"आधी मला दोन शब्द बोलू द्या. आमच्याच एका कर्मचारी बाईंनी रागापोटी तुमचे कान भरलेत. ग्रीकचा वर्ग, ग्रंथालय, बिडकीनची हजेरी, सगळं धादांत खोटं आहे. देवाला स्मरून सांगतो. सुलेखाबाईंना मी आज दुपारीच कामावरून कमी केलंय."

बिशपसाहेबांनी समाधानानं मान डोलावली. डॉ. तनुजांनी पाकीट परत टेबलावर ठेवलं आणि जाडजूड अहवाल उघडला.

"आमचे कान कुणीच भरले नाहीत, सर. प्रत्येक संस्थेनं आपल्या उणिवा स्वतः लिहून द्यायच्या, हा मंडळाचा नियम आहे. हे तुमच्याच अहवालाचं चौथं प्रकरण. इतकं खरं लिहिणारी दुसरी संस्था मी पाहिली नाही, म्हणून या पाकिटात पाच वर्षांची मान्यता लिहून आणली होती. आता तुम्हीच ते देवाला स्मरून खोटं ठरवलंत. मला ही मान्यता देता येणार नाही."

त्यांनी पान पुंडलिकरावांकडं फिरवलं. ग्रीकचा वर्ग, ग्रंथालय, बिडकीन, सगळं ओळीनं होतं, आणि तळाशी पुंडलिकरावांची ठसठशीत सही.

"सुलेखाबाई सकाळी मुद्दाम येऊन सांगून गेल्या," डॉ. तनुजा म्हणाल्या. "'लिहिलं मी, पण त्याखाली सही करायला छाती लागते, ती आमच्या सरांची.'"