देवळातल्या म्हातारीचा निरोप

कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये माझं चार खोल्यांचं पाहुणेघर आहे. पाठीवर बोचकी घेऊन परदेशी पोरं येतात, जुनी देवळं बघतात आणि जातात.

परवा दुपारी इल्झे नावाची मुलगी देवळातून परतली. "मावशी, तिथल्या एका म्हातारीनं तुम्हाला निरोप दिलाय," असं म्हणून ती आमच्या ख्मेर भाषेत स्वच्छ बोलली, "चिमणे, जेवलीस का गं?"

इल्झेला आमच्या भाषेतला एकही शब्द येत नाही. आणि मला चिमणी फक्त आई म्हणायची. उपासमारीच्या वर्षी ती गेली. तिच्या वाट्याची पेज मी प्यायले होते. तेव्हाही मला रडू आलं नव्हतं.

मी इल्झेला चहा दिला आणि चादरी वाळत घातल्या.

काल दुसरा पाहुणा तोच निरोप घेऊन आला. माझी धाकटी बहीण फल्ली भडकली. "ताई, कुणाला थट्टा सुचतेय गं ही? थांब, बघतेच त्या म्हातारीला!" मोटारसायकल काढून ती गेली.

तासाभरात परतली. "कुणी नाही तिथं," एवढंच म्हणाली. मी तिला भात वाढला.

एकही घास न घेता तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. "तू खा. माझं झालंय."

पेज पुढे करताना आई हेच म्हणाली होती. फल्ली तेव्हा तान्ही होती.

मी जेवू लागले. फल्ली पापणी न लववता माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या प्रत्येक घासाबरोबर तिचे गाल आत जात होते.