दुभाषीला बोलावणं

अख्ख्या शहरात खुणांच्या भाषेची दुभाषी ती एकटीच. कोर्ट, शाळा, दवाखाना, सगळीकडून तिलाच बोलावणं, आणि कुणालाही नाही म्हणणं तिला जमतच नसे. आज दवाखान्यात मरणाला टेकलेल्या एका मूकबधिर आजींचं बोलणं ती वसतिगृहात वाढल्याने खुणा न शिकलेल्या त्यांच्या मुलाला सांगत होती. एवढ्यात आजींचे हात पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. "काय म्हणतेय आई?" एकही शब्द गाळायचा नाही हा दुभाषीचा नियम. तिने सांगितलं, "अहो, किती वाट पाहायला लावलीत!" मुलगा पांढराफटक पडला, त्याच्या बाबांना, तेही मूकबधिरच, जाऊन अकरा वर्षं झाली होती. आजी खुर्चीकडे टक लावून मान डोलावत राहिल्या. मग त्यांचे हात हलले. "तिकडेही तुमची भाषा कुणालाच कळत नाही? थांबा, हिलाच विचारते." आजी दुभाषीकडे वळल्या, "येशील का गं?" आणि सवयीने तिचे हात "येते की" म्हणून मोकळेही झाले.