उन्हाळी झबलं

“किती महिन्यांचं बाळ?” दुकानवाल्या झ्लातानं विचारलं. लोकरीच्या दुकानात हा प्रश्न येणार हे विदोसावाला ठाऊक होतं.

“आत्ताच झालंय. उन्हाळ्यासाठी झबलं विणायचंय. सुती. टोचेल असं काही नको.”

“अगं, तुझी तियाना बाळंत झाली? आणि मला आज सांगतेस होय! तिचे दिवस तर ऑगस्टच्या शेवटी...” झ्लाता बोलता बोलता थांबली. बाहेर अजून जूनच चालू होता. चौकातल्या लिंडनच्या झाडांना नुकता कुठे बहर आला होता.

“मुलगा आहे,” विदोसावा घाईनं म्हणाली. “काचेच्या पेटीत ठेवलाय.”

निश शहरात बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही विणत नाहीत, साधी टोपीसुद्धा नाही. विदोसावानं ते कसोशीनं पाळलं होतं. हात शिवशिवायचे, पण ती सुयांना शिवली नव्हती. आता तो आला होता आणि घरात त्याच्या अंगाला होईल असं काहीच नव्हतं. सकाळी नर्स म्हणाली होती, “आजी, पेटीतून काढू तेव्हा लागेल. पुढून उघडणारं आणा, नळ्या असतात.” काढू तेव्हा. कधी, ते तिनं सांगितलं नव्हतं. विदोसावाला विचारायचा धीर झाला नव्हता.

झ्लातानं नमुन्यांचे कागद पसरले. जाळीच्या विणीचं एक झबलं फार देखणं होतं, पण त्या भोकांत नळी अडकेल, बोट अडकेल. विदोसावानं ते बाजूला सारलं. बटणांचं नको, बंदांचं हवं. लिनन अंगाला गार लागतं, पण धुतल्याशिवाय मऊ पडत नाही. बांबूचा धागा मऊ होता, तर तो सुईवरून घसरत होता. विदोसावा एकेक गुंडा उचलून गळ्याला लावून बघत होती. गळ्याला टोचलं नाही तर बाळाला टोचणार नाही, असा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव. आज मात्र गळ्याला काही कळतच नव्हतं. प्रत्येक धागा खरखरीत वाटत होता.

खरी धास्ती तिला तियानाची होती. बाळंत झाल्यापासून पोर हॉस्पिटलच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळाला बघायला एकदाही गेली नव्हती. ‘नंतर जाईन,’ एवढंच. तिच्या नवऱ्यानं विनवण्या केल्या, विदोसावा आधी रागावली, मग रडली. तियानानं मान वळवली नाही.

पंख्याखाली दुसरी एक गिऱ्हाईक, ब्रांकित्सा, उभी होती. समुद्रावर घालायला तिला जाळीदार अंगरखा विणायचा होता आणि निळ्याच्या दोन छटांपाशी तिचं घोडं अडलं होतं. तिनं मान लांब करून विदोसावाच्या हातातला कागद बघितला. “एवढंसं माप? बाहुलीला विणतेस की काय?”

विदोसावानं कागद पालथा घातला.

“तू तुझा समुद्र बघ,” झ्लाता म्हणाली. “तुझा अंगरखा होईपर्यंत थंडी पडेल.”

मग ती गल्ल्यावरून वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “यात सर्वांत लहान माप हेच. तू टाके कमी करून बसव, तुला काय शिकवायचं. डोकं केवढं आहे गं?”

विदोसावानं मूठ वळली. तिच्याकडे बघितलं. तिलाच ती मोठी वाटली, म्हणून तिनं जरा आवळली.

झ्लातानं पांढऱ्या सुताचा गुंडा पुढे सरकवला. म्हणाली, “दोन विण. एक आत्ताचं, एक मोठं. सूत हेच घे, भाव कमी लावते.”

“मोठं नको!” विदोसावा इतक्या जोरात म्हणाली, की ब्रांकित्सानं वळून पाहिलं. मोठं मागायचं म्हणजे आपणच त्याला नजर लावायची. “आत्ताचंच. तेवढं होऊ दे.”

पिशवीतला फोन वाजला. तियानाचं नाव होतं. इतक्या दिवसांत तिनं आपणहून कुणालाही फोन केला नव्हता. विदोसावाचा अंगठा उचलेना. फोन वाजत राहिला.

“घे की, अगं,” झ्लाता म्हणाली. “घे.”

“आई, कुठे आहेस?” तियानाचा आवाज घोगरा होता.

“झ्लाताकडे. काय झालं? बोल ना, काय झालं?”

“काही नाही.” पलीकडे कसलीतरी ढकलगाडी खडखडत गेली. तियाना ती जाईपर्यंत थांबली. “मी त्याला बघून आले.”

विदोसावानं हातानं चाचपून स्टूल ओढलं आणि बसली.

“कान बाबांचे आहेत,” तियाना म्हणाली. “बाहेर आलेले. तू सांगितलं नाहीस.”

“तू ऐकून कुठे घेत होतीस?”

पलीकडून श्वास तेवढा ऐकू येत होता. विदोसावानं फोन कानाला घट्ट धरला. एक शब्द जास्त बोलले तर पोर पुन्हा भिंतीकडे वळेल, असं तिला वाटत होतं.

“काय घेतेयस?” तियानानं विचारलं.

“झबल्याला सूत. साधं पांढरं. रंग नसलेलं बरं, त्याच्या कातडीला...”

“पांढरं नको, आई.” तियानानं नाक ओढलं. “मळखाऊ रंग बघ काहीतरी. रांगायला लागला की रोज कोण घासत बसणार?”