गार खोली

भर दुपारी खिडकी घट्ट बंद होती आणि एसी सोळावर. ढब्बू पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. दातावर दात वाजत होते. नावालाच ढब्बू, साखरेच्या आजाराने पोरीची पार काडी झाली होती आणि आता डोळेही दगा देऊ लागले होते.

"आई, स्वेटर घालू?"

"नको गं राणी. बस थोडा वेळ अशीच."

आई औषधाच्या कारखान्यात टाक्या सांभाळायची. टाकीतल्या जिवंत पेशी औषधाचं प्रथिन बनवतात. बनलं की पेशींनीच त्याची नीट घडी घालायची, मगच बाहेर सोडायचं. पण साहेबांना माल भरपूर हवा. पेशी राबराब राबतात, घड्या चुकतात, चुकलेल्यांचा ढीग साचतो आणि पेशी हाय खाऊन मरतात. अशा वेळी आई टाकीचं तापमान चार-पाच अंश उतरवायची. पेशींची घाई कमी व्हायची, घड्या जमायच्या, टाकी आणखी काही दिवस तग धरायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

परवा डॉक्टर म्हणाले होते, "हिच्या पेशींना घड्या जमत नाहीत. ढीग साचतो, पेशी मरतात. उपाय अजून सापडलेला नाही." बाबांच्या सगळं डोक्यावरून गेलं. आईला शब्द न् शब्द कळला, तेच वाईट झालं.

दार ढकलून बाबा आत आले. "काय चाललंय हे? पोरगी काकडलीय!"

"थंड केलं की पेशी दमानं घेतात," आई म्हणाली. "तगतात."

"अगं, ती काय टाकी आहे?"

त्यांनी एसी बंद केला, रजई आणून पोरीच्या अंगावर टाकली आणि खिडकी उघडायला गेले. आईला स्वतःची लाज वाटली. पोरगी टाकी नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण दोन दिवस तिच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. तिने लेकीला कुशीत ओढलं. पोरीची बोटं बर्फासारखी लागत होती.

"आई, झाले का गं मी गार?"

आईने तिच्या काखेत हात घातला. तिथे ऊब होती, रोजच्याइतकीच. थरथरून थरथरून अंगाने ती राखली होती. आतल्या पेशी सगळ्याजणी कामाला जुंपलेल्याच होत्या.