पाणचक्कीतलं बोलणं

आमच्या लेकानं, दावोरनं, लग्न ठरवलेली मुलगी झाग्रेबहून आमच्या गावी, रास्तोकेला आणली. तिहाना तिचं नाव. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. जेवताना माझी नुसती तारांबळ उडाली. "मक्याची भाकरी घे गं," एवढंसुद्धा मी बोट दाखवून सांगितलं. हिच्याशी जन्मभर बोलायचं तरी कसं, हाच विचार डोक्यात घोळत राहिला.

मग तिला आमची पाणचक्की दाखवायला नेलं. आत जात्याची घरघर, पायाखाली धबधबा. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाची चेष्टा करायची असली की मी आणि माझा नवरा तोमे त्याच्या समोरच करतो, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. लग्नापासूनची सवय.

त्या सवयीनं मी तोमेला म्हटलं, "पोरगी गोड आहे हो. स्वयंपाकाच्या नावानं मात्र शून्य दिसते. आणि आपलं ध्यान हिला आवडलं तरी कसं?"

कोमट पिठात हात घालून माझ्या तोंडाकडे बघणारी तिहाना खुदकन हसली. तिचेही नुसते ओठ हलले, "काकू, स्वयंपाक खरंच येत नाही. आणि ध्यान आहे हे ठाऊक आहे मला. तरी आवडतं."

दारात दावोर घसा ताणून ओरडताना दिसला, "काय चाललंय? मला काहीच ऐकू येत नाहीये!"

तोमेनं त्याला हातानं थोपवलं आणि नुसते ओठ हलवले, "थांब रे जरा. सासूसुना बोलतायत."